विमा कंपनीला वकील, जखमीला सल्ले

अपघातात हातपाय मोडून माणूस रुग्णालयात पडला की भेटायला येणाऱ्यांमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, "आधी वकील गाठा, नाहीतर इन्शुरन्सवाले दमडी देणार नाहीत." दुसरा म्हणतो, "वकिलाच्या नादी लागू नका. निम्मे पैसे तोच खाईल आणि तारखा घेत दहा वर्षं झुलवेल. लोकअदालतीत मिटवून टाका." हा वाद घराघरांत चालतो, तसाच जाहीर चर्चांतही चालतो, आणि दोन्हीकडे तो सारखाच वाईट पद्धतीने चालतो. वकील हा माणूस चांगला की वाईट यावर सगळे हिरिरीने बोलतात. समोर पडलेल्या माणसाचं काय मोडलं आहे, ते पूर्ण भरून येणार आहे का, आणि तो पोट कशावर भरतो, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते निर्णय याच तीन प्रश्नांवर व्हायला हवा. दुखापतीने पुढच्या कमाईला धक्का लागणार असेल, किंवा चूक कोणाची यावर वाद असेल, तर जखमीने वकील केलाच पाहिजे आणि तोही पहिल्या काही आठवड्यांत. दुखापत पूर्ण भरून येणारी असेल आणि समोरच्या गाडीची चूक उघड असेल, तर वकिलावाचून चालू शकतं. आणि भरपाईतल्या टक्क्यावर वकील कधीही करू नये, कोणत्याही परिस्थितीत करू नये.

"वकील नको" म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही. कायद्याचा इतिहास खरं तर त्यांच्याच बाजूने आहे. मोटार वाहन कायदा १९३९ चा. त्यातली तिसऱ्या पक्षासाठीची, म्हणजे गाडीने धडक दिलेल्या माणसासाठीची, विमासक्ती १९४६ मध्ये लागू झाली. पण विमा सक्तीचा होऊनही जखमीला दिवाणी न्यायालयातच दावा लावावा लागे आणि तिथली फी, तिथला विलंब सोसावा लागे. म्हणून १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणं आणली. गरिबाला स्वस्तात आणि लवकर भरपाई मिळावी, कोर्टकचेरीचा सोपस्कार कमी व्हावा, हाच त्यामागचा हेतू. आजच्या १९८८ च्या कायद्यातही तो दिसतो. जखमी माणूस स्वतः अर्ज करू शकतो. अपघात खोपोलीच्या घाटात झाला असला तरी सोलापूरचा माणूस सोलापुरातच दावा लावू शकतो. न्यायाधिकरणाने संक्षिप्त पद्धतीने चौकशी करायची असते. अर्जात मागितलेल्या रकमेपेक्षा न्याय्य भरपाई जास्त होत असेल तर जास्त देता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं आहे. १ एप्रिल २०२२ पासून तर पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आहे आणि तो अहवालच भरपाईचा अर्ज मानायचा आहे. विमा कंपनीने आपला अधिकारी नेमून तडजोडीचा प्रस्ताव द्यावा, अशीही तरतूद आहे. इतकं सगळं असताना वकील कशाला, हा प्रश्न रास्त आहे.

रास्त आहे, पण अर्धा आहे. ही सगळी व्यवस्था अपघाताची नोंद करते. माणसाचं पुढचं आयुष्य तिच्या कागदांवर आपोआप उमटत नाही. पोलिसांच्या अहवालात गाडीचा नंबर येतो, पॉलिसी येते, चालकाचा परवाना येतो, पंचनामा येतो. जखमी सुतार आहे, त्याच्या हाताला पकड राहिलेली नाही, तो महिन्याला किती कमवत होता आणि ते सांगायला कोणता ठेकेदार साक्षीला येईल, हे त्यात कोण लिहिणार? दुसऱ्या बाजूला पाहा. विमा कंपनीकडे दावे हाताळणारा अधिकारी असतो, गावात येऊन चौकशी करणारा तपासनीस असतो आणि त्याच न्यायालयात वर्षानुवर्षं उभा राहणारा पॅनलवरचा वकील असतो. कंपनीला वकील करावा की नाही यावर कधी कोणी चर्चा केल्याचं ऐकलं आहे का? ती चर्चा नेहमी फक्त पलंगावर पडलेल्या माणसासमोर होते.

महाराष्ट्राने हा प्रश्न एकदा फार जवळून पाहिला आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध दंगे सुरू झाले आणि पुणे-नगर भागात कर्जरोखे जाळले गेले. त्यामागची एक मोठी तक्रार न्यायालयांबद्दल होती. सावकार दावा लावी, कुणबी कोर्टात हजरच होत नसे आणि एकतर्फी हुकूमनामे होत. त्यातून १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. त्या कायद्याने शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकिलांना साधारणपणे बंदी केली. आजच्या "वकील नको" मंडळींना हे आवडेल. पण त्याच कायद्यात पुढचं कलमही होतं: समोरच्या बाजूने वकील उभा असेल आणि शेतकऱ्याला वकील करण्याची ऐपत नसेल, तर न्यायाधीशाला त्याच्या संमतीने सरकारी वकील किंवा दुसरा योग्य माणूस त्याच्यासाठी उभा करता येई. कायदा करणाऱ्यांना एक गोष्ट नीट कळली होती. वकील नसणं न्याय्य असतं ते दोन्ही बाजूंना नसतो तेव्हा. एका बाजूला असेल आणि दुसऱ्या बाजूला नसेल, तर ती साधेपणाची सोय उरत नाही. शंभर वर्षांनंतर, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका कर्मचाऱ्याच्या खातेनिहाय चौकशीत सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मांडलं. मालकाची बाजू कायदा शिकलेले लोक मांडत असतील, तर कर्मचाऱ्याला वकील नाकारणं म्हणजे त्याला बचावाची वाजवी संधी नाकारणं. ती तर कार्यालयातली अंतर्गत चौकशी होती. इथे प्रश्न एका माणसाच्या उरलेल्या आयुष्याच्या कमाईचा आहे.

कमाईचा म्हणजे किती, हे आकड्यांत पाहिल्याशिवाय वकिलाचा प्रश्न कळत नाही. ३२ वर्षांचा एक सुतार घेऊ. हे उदाहरण माझं आहे, हिशेबाची रीत मात्र सर्वोच्च न्यायालयाची आहे. वर्षाची कमाई काढायची, स्वतःचा धंदा करणारा ४० वर्षांखालचा असेल तर भविष्यातल्या वाढीसाठी तीत ४० टक्के मिळवायचे, आणि वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं. २००९ च्या निकालातल्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला १६ चा गुणक आहे. सुतार महिन्याला १५,००० रुपये मिळवत असेल, तर वर्षाचे १,८०,०००, वाढ धरून २,५२,०००, आणि सोळाने गुणल्यावर ४०,३२,०००. आता डाव्या हाताच्या दुखापतीसाठी सिव्हिल हॉस्पिटलने ४० टक्के अपंगत्वाचा दाखला दिला. कंपनीचा वकील म्हणणार, ४० टक्के अपंगत्व म्हणजे ४० टक्के नुकसान, म्हणजे १६,१२,८००. एकटा आलेला सुतार मान डोलावणार, कारण दाखल्यावर आकडा तोच आहे. पण २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की शरीराचं अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेचं नुकसान या वेगळ्या गोष्टी आहेत. त्या निकालातलं उदाहरणही असंच आहे: डावा हात गमावलेल्या चालकाचं किंवा सुताराचं कमाईचं नुकसान जवळजवळ शंभर टक्के असू शकतं, आणि तसाच हात गमावलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणजे दाखला तोच, हात तोच, आणि फरक २४ लाखांचा. आणि हे सुद्धा कमाई सिद्ध झाली तर. सुताराकडे पगाराची स्लिप नसते. पुरावा नाही म्हणून न्यायाधिकरणाने महिन्याला ८,००० धरले आणि अपंगत्व ४० टक्केच धरलं, तर रक्कम ८,६०,१६० वर येते. आठ लाख साठ हजार ते चाळीस लाख बत्तीस हजार, एवढ्या दरीत तो माणूस उभा आहे आणि आपण त्याला सांगतो आहोत की वकिलाचे पैसे वाचव.

ही दरी कागदांनी आणि साक्षींनी भरायची असते. दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलावून त्यांच्याकडून वदवून घ्यावं लागतं की या हाताने करवत धरता येणार नाही. ठेकेदाराची, गिऱ्हाइकांची साक्ष लागते, बँकेचे व्यवहार मांडावे लागतात. पगाराचा पुरावा नाही म्हणून माणूस हरतोच असं नाही. अपघातात पाय गमावलेल्या एका भाजीविक्रेत्याच्या प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कागदोपत्री पुराव्याचा आग्रह न धरता महिन्याला ६,५०० रुपये उत्पन्न मान्य केलं आणि कमाईचं नुकसान ८५ टक्के धरलं. पण तो विक्रेता तिथवर पोचला तो वरच्या न्यायालयात कोणीतरी त्याची बाजू मांडली म्हणून. मेडिक्लेमचंही तसंच. स्वतःच्या आरोग्य विम्यातून मिळालेले उपचाराचे पैसे अपघाताच्या भरपाईतून वजा करता येणार नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ठरवलं. तडजोडीच्या टेबलावर "हॉस्पिटलचं बिल तर तुमचं भागलंच आहे" असं कोणी म्हणालं, तर किती जखमींना या निकालाची आठवण येईल?

चूक कोणाची हा दुसरा फाटा, आणि तो याहून लवकर बिघडतो. मोटारसायकलस्वार बेशुद्ध असतो आणि टेम्पोचालक शुद्धीवर. पहिला जबाब कोणाचा नोंदवला जाणार? कधी कधी गुन्हाच जखमीवर किंवा मेलेल्या माणसावर दाखल होतो. मग पुढे सहभागी निष्काळजीपणा (म्हणजे जखमीचीही काही चूक होती हा आरोप), हेल्मेट, परवाना असे मुद्दे येतात आणि प्रत्येक मुद्दा भरपाईतून वाटा कापायला टपलेला असतो. इथे वकिलाची गरज दाव्याच्या तारखेच्या कितीतरी आधी असते: जबाब नोंदवून घ्यायला, पंचनाम्यातली चूक दाखवायला, रस्त्यावरच्या दुकानाचं चित्रण पुसलं जाण्याआधी मागायला. फौजदारी खटल्यात चालक सुटला म्हणून भरपाईचा दावा संपत नाही. न्यायाधिकरणात शक्यतेच्या तराजूवर निर्णय होतो, तिथे संशयातीत पुरावा लागत नाही. हे माहीत नसल्यामुळे "केसच सुटली, आता काय" म्हणून घरी बसणारी माणसं आपल्या सर्वांच्या ओळखीची आहेत.

आता टक्केवारीबद्दल. "वकील निम्मे खातो" ही तक्रार खोटी असती तर मी हा लेख अर्ध्या लांबीचा लिहिला असता. रुग्णालयाच्या दारात घुटमळणारे एजंट, पोलीस ठाण्यातून नंबर मिळवून नातेवाइकांना येणारे फोन, कोऱ्या वकीलपत्रावर आणि कोऱ्या चेकवर घेतलेल्या सह्या, हे सगळं घडतं. बनावट दावेही घडतात. उत्तर प्रदेशात अशा दाव्यांच्या तपासासाठी २०१५ मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं आणि त्या तपासाच्या संथपणाबद्दल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फटकारलं. पण या तक्रारीतून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे. निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही, हा बार कौन्सिल ऑफ इंडियाचाच नियम आहे. वसुलीत निम्मा वाटा ठरवणाऱ्या एका वकिलाचं मुंबईहून आलेलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच गैरवर्तन ठरवलं होतं. २०१७ चं तेलंगणातलं प्रकरण तर थेट मोटार अपघाताचं. पती गमावलेल्या बाईकडून वकिलाने भरपाईच्या टक्क्यावर फी लावली, बरीच रक्कम घेऊनही वर चेक घेतला, तो वटला नाही म्हणून तिच्यावरच फौजदारी तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने ती तक्रार रद्द केली आणि अशी टक्केवारी बेकायदा आणि व्यवसायाच्या नीतीविरुद्ध असल्याचं सांगितलं. म्हणजे ज्या गोष्टीच्या भीतीने लोक वकील टाळतात, ती गोष्ट वकिलाला मागण्याचा अधिकारच नाही. टक्का नाकारा, फी आकड्यात ठरवा, टप्प्याटप्प्याने द्या, पावती घ्या, भरपाई आपल्याच बँक खात्यात जमा होते आहे ना ते पाहा. एखाद्या तालुक्याच्या गावात असा वकील पहिल्या भेटीत मिळणार नाही, हे मला मान्य आहे. दुसऱ्या, तिसऱ्या दारात विचारावं लागेल. "टक्का नसेल तर गरीब माणूस आधी फी कुठून देणार" हा त्यावरचा खरा बिनतोड वाटणारा प्रश्न आहे आणि त्याकडे मी येतो.

त्याआधी लोकअदालत. आज हातात आलेले पाच लाख, सात वर्षांनी येणाऱ्या दहा लाखांपेक्षा त्या घराला मोठे वाटू शकतात. घरात कमावणारा एकच असेल, मुलांची फी थकली असेल, तर लवकर मिळणाऱ्या पैशाला तुच्छ लेखण्याचा हक्क बाहेरच्या कोणालाही नाही. शिवाय साधं हाड मोडलं, प्लास्टर निघालं, माणूस काही महिन्यांत कामावर परत गेला, अशा प्रकरणात चूक सिद्ध न करताही गंभीर दुखापतीसाठी २,५०,००० रुपयांची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आहे, आणि हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे. तिथे वकिलाच्या फीत पैसे घालण्यात अर्थ नाही. पण हीच तडजोड सुताराच्या बाबतीत काय करते? त्या तरतुदीखालची रक्कम कंपनीच्या प्रस्तावातून स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा मोठा दावा संपतो. लोकअदालतीतला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. सही केल्यावर सहा महिन्यांनी मांडीचं हाड जुळलंच नाही असं कळलं, खुब्याचा सांधा बदलावा लागला, प्लेट काढायला पुन्हा भूल घ्यावी लागली, तरी दार बंद. आणि प्रस्ताव नेमका तेव्हा येतो जेव्हा घरातली पुंजी संपलेली असते. २०२५ पासून अपघातानंतर पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची योजना आली, ती चांगलीच आहे. पण माणूस कर्जात बुडतो तो आठव्या दिवसापासून. थांबण्याची किंमत असते हे खरं, म्हणूनच न्यायाधिकरण भरपाईवर व्याजही देतं. तडजोड करूच नये असं माझं म्हणणं नाही. डॉक्टरांनी सुधारणा थांबल्याचं सांगेपर्यंत, आणि वरचा हिशेब मांडून दाखवणारं कोणी आपल्या बाजूला बसेपर्यंत, सही करू नये.

वाट पाहण्याला एक मर्यादा मात्र आहे. १९९४ मध्ये काढून टाकलेली मुदत २०१९ च्या दुरुस्तीने परत आणली: अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण आव्हानाच्या भरवशावर कोणी बसू नये. जखम भरायची वाट पाहा, अर्ज भरायची पाहू नका. तीन शस्त्रक्रिया झालेला माणूस सहाव्या महिन्यात कुठे अंथरुणातून उठलेला असतो, आणि नेमका तोवर धावपळ करायला दुसरं कोणीतरी लागतं. लवकर वकील करा म्हणतो ते एवढ्यासाठी.

फी कुठून द्यायची? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. म्हणजे रस्त्यावर जखमी होणाऱ्या गरिबांपैकी बहुतेक जण या ना त्या रकान्यात बसतात. प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. मोफत वकील मन लावून काम करत नाही, ही तक्रार मी ऐकली आहे आणि ती बऱ्याचदा खरी असते, कारण त्याला मिळणारं मानधन तुटपुंजं आहे. पण जे कार्यालय जखमीला ठाऊकच नाही, ते सुधारावं असा दबाव तरी कोण आणणार? सिव्हिल हॉस्पिटलच्या अस्थिरोग वॉर्डात एजंट पोचतो आणि विधी सेवा प्राधिकरणाचा माणूस पोचत नाही, हे त्या वॉर्डात चार दिवस काढलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. एजंटांना हाकलण्याची मोहीम मला मान्य आहे, पण त्याच्या जागी कोणी बसवलं नाही तर तो मागच्या दाराने परत येणारच.

म्हणून मागणी करायची तर ती अशी करावी. मोटार अपघात दाव्यात विमा कंपनीच्या वतीने वकील हजर असेल आणि जखमी एकटा असेल, तर पुढची पायरी घेण्याआधी न्यायाधिकरणाने त्याला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील हवा का हे विचारणं आणि उत्तर नोंदवणं राज्याच्या नियमांतच बंधनकारक करावं. १८७९ मध्ये शंभर रुपयांच्या कर्जासाठी जे सुचलं, ते चाळीस लाखांच्या हातासाठी सुचायला हरकत नसावी. लोकअदालतीत कायम अपंगत्वाचा दावा मिटवताना कमाईचं नुकसान किती टक्के धरलं आणि का, हे तडजोडीच्या कागदावर लिहिलं जावं. आणि २०१७ च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या फीचं नियमन करण्याबद्दल सरकारने विचार करावा असं सुचवलं होतं. विधी आयोगाचा या विषयावरचा अहवाल तर १९८८ चा आहे. किमान अपघाताच्या दाव्यांपुरती फी किती असावी हे ठरवणारा तक्ता राज्य बार कौन्सिल आणि जिल्हा वकील संघ मिळून उद्या लावू शकतात, न्यायाधिकरणाच्या दारावर, मराठीत, सहज वाचता येईल अशा अक्षरांत.